गादीवाफ्यातली रोपं दर वसंतात पिवळी पडून बसतात? खत टाकण्याआधी खणून बघा

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचा त्रास हाच की दुसरा, ते लगेच कळेल.

थंडी ओसरली, रोपं गादीवाफ्यात, म्हणजे फळ्यांच्या चौकटीत जमिनीच्या वर उचललेल्या मातीत, लावली. दोन-चार दिवस मलूल राहून ती उभी झाली, एखादं नवं पानही आलं. आपण निश्चिंत. मग दोन-तीन आठवड्यांनी सगळं जागच्या जागी थांबतं. खालची पानं आधी फिकट होतात, मग पिवळी. शेंडा जिवंत असतो, पण पुढे सरकत नाही. कीड नाही, डाग नाहीत, मर नाही. उरलेलं एखादं रोप वाफ्याबाहेर साध्या जमिनीत खोचलेलं असेल, तर ते मात्र तरारून येतं. ऊन तापायला लागलं की वाफ्यातली रोपंही हळूहळू सुटतात, पण तोवर महिना-दीड महिना हातचा गेलेला असतो. आणि पुढच्या वसंतात त्याच वाफ्यात पुन्हा तेच.

एकदा झालं तर हवामानाला बोल लावता येतो. सलग तीन वर्षं झालं, की खोट वाफ्यात तरी असते, नाहीतर आपण दर वर्षी न चुकता जे करतो त्यात तरी. माझ्याकडे दुसरं निघालं.

माझा वाफा १.२ मीटर रुंद, २.४ मीटर लांब, उंची ३० सेंमी. पहिल्या वर्षी रोपं बसली तेव्हा मी शेणखत वाढवलं. दुसऱ्या वर्षी शेणखत आणि गांडूळखत दोन्ही. तिसऱ्या वर्षी पिवळं पान दिसताच पुन्हा पिशवी उघडणार होतो, पण तेवढ्यात एक रोप हाताला लागून उपटलं गेलं. पाहतो तर त्याची मुळं अजून ट्रेमधल्या खळगीच्याच आकाराची. महिनाभरात त्यांनी बाहेर पाऊल टाकलं नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा खुरपं घेऊन वाफा तळापर्यंत खणला. ते पहिल्याच वर्षी करायला हवं होतं.

कुठलं पान पिवळं, ते बघा

खणण्याआधी दोन मिनिटं पानांसाठी द्या. ‘पिवळं पडलं’ एवढं सांगून काहीच कळत नाही. कुठलं पान आणि कसं पिवळं, यावर सगळं आहे.

सगळ्यात जुनी, खालची पानं सरसकट फिकट होऊन पिवळी पडत असतील तर रोपाला नत्र (नायट्रोजन) कमी पडतंय. नत्र रोपाच्या अंगात फिरतं. तुटवडा आला की रोप जुन्या पानातलं काढून शेंड्याला देतं, म्हणून खालून पिवळं होत वर येतं. खालचीच पानं, पण शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियमचा संशय घ्यावा. उलट कोवळी, शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाहीये. लोह रोपात फारसं हलत नाही, त्यामुळे नवं पान उपाशी राहतं. अशा वेळी मातीत लोह नसतंच असं नाही. बहुतेकदा सामू (मातीचा pH) चढलेला असतो किंवा मुळं पाण्यात गुदमरलेली असतात. टोमॅटोच्या पानांची खालची बाजू जांभळी दिसली तर माती थंड आहे आणि मुळांना स्फुरद (फॉस्फरस) उचलता येत नाही. कडा जळल्यासारख्या झाल्या तर क्षार. शेंडे पिळवटलेले, पानं चमच्यासारखी वळलेली असतील तर ते प्रकरण वेगळं आहे, त्याचं पुढे सांगतो.

माती ओली असूनही रोप दुपारी माना टाकत असेल, तर कुठल्याही खताचा विचार डोक्यातून काढा. आधी मुळं बघा.

खणायचं कसं

वाफ्याच्या मधोमध नाही आणि अगदी कडेलाही नाही; कडेपासून वीतभर आत. सगळ्यात वाईट दिसणारं एक रोप बळी द्या. त्याच्याभोवती खुरपं फिरवून ते मातीच्या गोळ्यासकट उचला आणि त्याच खड्ड्यातून तळापर्यंत जा. खड्ड्याची एक भिंत खुरप्याने सरळ कापून घ्या, म्हणजे थर दिसतात.

रोपाचा गोळा हलक्या हाताने पाण्यात बुडवून माती सुटू द्या. पांढरी मुळी गोळ्याबाहेर पडलेली दिसली तर रोप मुळात ठीक आहे, त्याला जेवण कमी पडतंय. मुळं पांढरीच पण गोळ्यात अडकलेली असतील तर बाहेरची माती त्यांना नको आहे: फार थंड, फार ओली, फार कोरडी किंवा फार खारट. मुळं तपकिरी आणि बुळबुळीत असतील, ओढल्यावर साल निघून आत दोऱ्यासारखा गाभा उरत असेल, तर ती कुजली आहेत.

मग भिंतीकडे वळा. भरलेला माल ओळखता येतो का? माझ्या वाफ्यात वरच्या वीतभर थरात अख्खी पानं होती, देठासकट. भुश्याचे कण जसेच्या तसे. त्यांवर बुरशीचे पांढरे धागे. बुरशी वाईट नसते, ती तिचं कुजवायचं काम करते. पण ती इतकी जोरात कामाला लागली असेल तर कच्चा माल भरपूर आहे एवढं नक्की. त्याखालचा थर काळा, भुसभुशीत, छान. आणि तळाला, मी निचऱ्यासाठी मोठ्या हौसेने घातलेल्या खडीच्या वर, चार बोटं चिखल. मूठ दाबली तर पाणी गळत होतं आणि आंबूस वास येत होता.

म्हणजे एकाच वाफ्यात तीन आजार: वर कच्चा माल, खाली तुंबलेलं पाणी, आणि सकाळी थर्मामीटर खोचला तेव्हा माती ११ अंश.

कच्चा माल नत्र खातो

बहुतेक गादीवाफ्यांचं मूळ दुखणं हेच असतं असं माझं मत झालंय, म्हणून इथे जरा थांबतो.

सुका पाला, पेंढा, भुसा यांत कार्बन भरपूर आणि नत्र नावाला. ते कुजवणाऱ्या जिवाणूंच्या शरीरात साधारण ८ भाग कार्बनला १ भाग नत्र असतं. खाल्लेल्या कार्बनचा बराच भाग ते श्वासावाटे उडवतात, म्हणून त्यांना मानवणारं जेवण साधारण २४ ला १ या प्रमाणाचं. सुक्या पानांत हे प्रमाण ४० ते ८० ला १ असतं, पेंढ्यात ८० च्या आसपास, लाकडाच्या भुश्यात तर काहीशेला १. मग उरलेलं नत्र जिवाणू आणतात कुठून? आजूबाजूच्या मातीतून. तिथेच तुमच्या रोपाची मुळी बसलेली असते. या पंगतीत जिवाणू आधी जेवतात. कार्बन संपत आला, जिवाणू मरू लागले, की अडकलेलं नत्र परत मातीत सुटतं. ऊन तापल्यावर रोपं आपोआप सुधारतात ती यामुळेच, आणि आपल्याला वाटतं की महिन्यापूर्वी टाकलेलं खत लागू पडलं.

पण माल एकदा कुजला की विषय संपायला हवा. दर वर्षी पुन्हा का?

कारण वाफा बसतो. सेंद्रिय माल कुजून आकसतो, आणि हिवाळ्याअखेर माझा वाफा ६ सेंमी तरी खाली गेलेला असायचा. माझ्या मापाच्या वाफ्यात ६ सेंमी म्हणजे जवळजवळ १७० लिटर. ती पोकळी दर वसंतात लावणीच्या आठवडाभर आधी मी भरायचो. कशाने? त्या वेळी हाताशी काय असतं, तर पानगळीचा गोळा केलेला पाला आणि अर्धवट झालेलं कंपोस्ट. वर ते सगळं नीट मिसळूनही घ्यायचो. दर वर्षी ताजा कच्चा माल, ऐन मुळांच्या पातळीवर, ऐन लावणीच्या तोंडावर. आजार परत येत नव्हता, मीच तो ढिगाने आणून ओतत होतो.

खात्री करायची असेल तर सोपी चाचणी आहे. एका ओळीतली सहा सारखी पिवळी रोपं निवडा. तिघांना विरघळलेलं नत्र द्या: १ लिटर पाण्यात ३ ग्रॅम युरिया, दर रोपाला अर्धा लिटर, माती आधी ओलसर करून. उरलेल्या तिघांना फक्त तेवढंच पाणी. आठ-दहा दिवस थांबा आणि नव्या पानांची तुलना करा. पहिल्या तिघांचा शेंडा हिरवागार होऊन सरकला तर निदान पक्कं. सहाही तशीच राहिली तर नत्राचा मुद्दा सोडा आणि पुढे वाचा. युरिया नको असेल तर मासळीचं द्रवखत चालेल. पेंड मात्र या चाचणीसाठी उपयोगाची नाही. तिच्यातलं नत्र सुटायला जिवाणूंनी आधी ती फोडावी लागते, आणि थंड मातीत ते काम रेंगाळतं. पेंड चांगलीच, पण लावणीआधी तीन-चार आठवडे मातीत गेलेली असावी.

कंपोस्ट तयार झालंय की नाही, हे रंगावरून ठरवू नका. काळं दिसणारं कंपोस्टही कच्चं असतं. ओलं करून ते पिशवीत घट्ट बांधा आणि आठवडाभर ठेवा. उघडल्यावर जमिनीचा वास आला तर ठीक. आंबूस किंवा नाकात शिरणारा अमोनियाचा वास आला तर अजून थांबा. दुसरी परीक्षा मुळ्याच्या बियांची. दहा बिया कंपोस्टमध्ये, दहा साध्या मातीत. कंपोस्टमधल्या निम्म्याच उगवल्या किंवा उगवून पिवळ्या पडल्या तर उत्तर मिळालं.

कच्चा माल फेकून द्यायचा असा मात्र अर्थ घेऊ नका. तोच पाला मातीवर आच्छादन म्हणून पसरला तर नत्राची ओढाताण फक्त जिथे माती आणि पाला एकमेकांना लागतात त्या पातळ पापुद्र्यात होते. खोल मुळांना तिची झळ लागत नाही. मिसळणं आणि पसरणं यात हा एवढा फरक आहे.

माती थंड असताना घाई

गादीवाफा लवकर तापतो, म्हणून लवकर लावा, असं सगळीकडे वाचायला मिळतं. अर्धं खरं आहे. जमिनीच्या वर उचललेली माती दिवसा लवकर तापते, तशी रात्री चारही बाजूंनी लवकर निवतेही. वाफा जितका लहान तितक्या त्याच्या कडा जास्त. दुपारी हात लावून माती उबदार वाटली म्हणून लावणी केली तर रोपांना रात्रीचा हिशेब भरावा लागतो.

साधा मातीचा थर्मामीटर १० सेंमी खोल खोचून सकाळी वाचा. दुपारचा आकडा मनाला बरा वाटतो एवढाच. सलग पाच-सहा सकाळी आकडा टिकला तर लावणी करा. वाटाणा, पालक, मुळा, लेट्यूस ही मंडळी ७-८ अंशांतही कुरकुर करत उगवतात. गाजर उगवतं, पण फार वेळ घेतं. घेवड्याला किमान १५-१६ हवेत, नाहीतर बी कुजतं. टोमॅटोची रोपं १५-१६ च्या खाली जगतात पण वाढत नाहीत. मिरची, वांगं, काकडी, भोपळा यांना १८ च्या पुढेच सुख. आणखी एक बाब : अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू १० अंशांखाली फार मंद असतात. थंड मातीत सेंद्रिय खत कितीही असलं तरी रोपाच्या ताटात थोडंच पडतं. म्हणजे कच्चा माल आणि थंडी हे दोघे एकमेकांचे साथीदार.

माझी इथली घोडचूक आच्छादनाची. उन्हाळ्यात आच्छादनाने फायदा झाला म्हणून लावणीच्याच दिवशी मी चार बोटं पेंढा पसरायचो. पेंढा ऊन अडवतो. खालची माती तापलीच नाही. आता आच्छादन रोपं चांगली धरल्यावर, माती तापल्यावरच. तोवर माती उघडी, रात्री पातळ कापडाचं पांघरूण, सकाळी ते काढायचं.

घरात वाढवलेली रोपं थेट बाहेर आणून लावली असतील तरी ती थबकतात. आठ-दहा दिवस रोज थोडा जास्त वेळ बाहेर ठेवून त्यांना वारा-उन्हाची सवय करावी लागते. ते चुकलं तर पिवळेपणापेक्षा पानं पांढुरकी पडतात. ती ओळखायला सोपी.

पाणी: वरून कोरडं, खालून चिखल

शेतकरी वाफसा बघून काम करतो. माती ओली पण चिकट नाही, मुठीत दाबली तर गोळा होतो आणि बोटाने टोचला तर फुटतो. वाफ्यातही हाच नियम, पण वाफसा वरून दिसत नाही. गादीवाफ्याचा वरचा इंच वाऱ्याने दुपारपर्यंत कोरडा होतो. तो बघून आपण रोज झारी घेऊन उभे. खाली मुळांना श्वास घ्यायला जागा उरत नाही. बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत घालून बघा; तिथे गार ओलावा लागला तर झारी खाली ठेवा.

हिशेबाला सोपं म्हणून लक्षात ठेवा : १ चौरस मीटरवर २५ मिलिमीटर पाणी म्हणजे २५ लिटर. भर उन्हाळ्यात, रोपं मोठी असताना, आठवड्याला साधारण एवढं लागतं. माझ्या वाफ्याला ते ७२ लिटर होतं. वसंतात छोट्या रोपांना याच्या निम्मंही पुरतं, आणि मी त्या दिवसांत रोज १५ लिटर ओतत होतो. आठवड्याचे १०५.

आता खडी. तळाला खडीचा थर दिला की निचरा सुधारतो, ही समजूत इतकी पक्की आहे की ती मोडायला मला स्वतःच्या हाताने चिखल काढावा लागला. बारीक कणांची माती पाणी धरून ठेवते. खालच्या जाड खडीत ते सहजी उतरत नाही. वरचा थर पूर्ण भिजून जड झाल्यावरच थेंब खाली पडतो. त्यामुळे खडीच्या लगेच वर ओल्या मातीचा एक पट्टा कायम राहतो. खडी नसती तर हा पट्टा आणखी खाली, जमिनीत गेला असता. खडीने तो उचलून मुळांच्या जवळ आणला. मी खडी काढली, खालची जमीन फावड्याने वीतभर सैल केली आणि वाफ्याची माती थेट तिच्यावर टेकवली. सगळ्यात जास्त घाम याच कामात गेला, पण चिखल पुन्हा दिसला नाही.

खडी काढायची की नाही हे ठरवायला एक खड्डा पुरतो. वीतभर खोल खणा, एकदा पाणी भरून जिरू द्या, मग पुन्हा भरा आणि मोजा. तासाला २.५ सेंमीपेक्षा कमी उतरलं तर निचऱ्यात खोट आहे.

याची उलटी बाजूही बघितली आहे. पीटचं (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाचं) प्रमाण जास्त असलेलं मिश्रण एकदा ठणठणीत वाळलं की पाण्याला जवळ करत नाही. माती आकसून फळीपासून सुटते, फट पडते, आणि झारीचं सगळं पाणी त्या फटीतून खाली. तळ ओला, फळीची कड ओली, मधली रोपं तहानलेली. असं झालं असेल तर एकदम ओतू नका. थोडं थोडं, अर्ध्या-अर्ध्या तासाने, चार-पाच वेळा. आणि फट बोटाने दाबून बुजवा. कोकोपीट यापेक्षा सहज ओलं होतं, पण ते नीट धुतलेलं नसेल तर त्यात क्षार असतात. कडा जळणं तिथून येतं.

शेंडे पिळवटले असतील तर

हे क्वचित घडतं, पण घडलं की माणूस वर्षभर चुकीच्या गोष्टींशी झगडत बसतो. काही तणनाशकं, अमिनोपायरॅलिड, क्लोपायरॅलिड, पिक्लोरॅम ही त्यातली नावं, गवताला धक्का न लावता रुंद पानांचं तण मारतात. असं फवारलेलं गवत किंवा पेंढा जनावराने खाल्ला, तर औषध पोटातून जसंच्या तसं शेणात उतरतं. ढिगात कुजवलं तरी लवकर मोडत नाही. ते शेणखत वाफ्यात गेलं की टोमॅटो, घेवडा, वाटाणा, बटाटा यांचे शेंडे नेच्यासारखे अरुंद होऊन वळतात. मका मात्र मजेत वाढतो. हा फरक दिसला तर संशय बळावतो.

तपासायला प्रयोगशाळा नको. तीन-चार कुंड्यांत संशयित खत आणि स्वच्छ माती निम्मी-निम्मी, तीन-चार कुंड्यांत नुसती स्वच्छ माती. प्रत्येकीत घेवड्याच्या तीन बिया. बश्या वेगळ्या ठेवा, एकीचं पाणी दुसरीत जाऊ देऊ नका. तीन-चार आठवड्यांत खरी पानं सपाट आली तर खत निर्धोक. वळली तर ते खत भाजीच्या वाफ्यात कधीच घालू नका, आणि जिथे गेलंय तिथे मका लावा किंवा माती अधूनमधून उलटत तो हंगाम सोडून द्या. मातीतले जिवाणूच ते मोडतात; त्याला काही महिने ते एखाद-दोन वर्षंही लागतात. शेणखत विकणाऱ्याला बरेचदा याची कल्पनाही नसते, त्याच्याशी भांडून हाती काही लागत नाही. पुढच्या खेपेला खत आणल्या-आणल्या कुंड्या मांडायच्या.

थोडक्यात उरकण्यासारख्या गोष्टी

एखाद-दुसरंच रोप कोमेजतंय आणि बाकी वाफा ठीक असेल तर त्याच्या बुडाशी खणा. पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, तपकिरी डोक्याची अळी निघाली तर ती हुमणी. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून ती हमखास येते. वेचून काढणं हाच छोट्या वाफ्याचा इलाज. रोप जमिनीलगत कापलेलं सापडलं तर कातरअळी. जाड कागदाचं कडं रोपाभोवती दोन-तीन सेंमी मातीत खोचलं की भागतं. कोवळी रोपं बुडाशी बारीक होऊन आडवी पडत असतील तर ती मर. पाणी आणि गर्दी कमी करा. पालक किंवा मुळ्याला दांडा फुटून फुलं येत असतील तर तो आजारच नव्हे; दिवस मोठे झाले, ऊन वाढलं, त्याची पाळी संपली.

नुसतं कंपोस्ट भरलेला वाफा ही आणखी एक तऱ्हा. तयार, उत्तम कंपोस्ट, पण माती शून्य. त्यात स्फुरद साठत जातं आणि मग लोह-जस्त रोपाला मिळेनासं होतं, नवी पानं फिकट. कंपोस्ट चौथा हिस्सा ते निम्मं, बाकी खरी माती, एवढ्यावर थांबलेलं बरं. दोन-तीन वर्षांतून एकदा माती तपासून घ्या. सामू ६ ते ७ मध्ये असेल तर बहुतेक भाज्या खूष असतात.

आत्ता रोपं पिवळी आहेतच, तर

उपटू नका. आच्छादन असेल तर बाजूला सारा, ऊन मातीला लागू द्या. दोन-तीन दिवस पाणी बंद, बोट घालून बघा. मग विरघळलेलं नत्र, वर सांगितलेल्या प्रमाणात, आणि दहा दिवसांनी गरज दिसली तर आणखी एकदा. जुनी पानं पूर्ववत हिरवी होण्याची वाट बघत बसू नका, बहुतेकदा ती होत नाहीत. फक्त शेंड्याकडे लक्ष ठेवा. या काळात शेणखत, गांडूळखत, पेंड, काही म्हणून मातीत मिसळू नका. मला स्वतःला आवरणं हेच सगळ्यात जड गेलं होतं. हाताला काहीतरी करायला हवं असतं.

खरा बदल हंगाम संपल्यावर करायचा. वाफा आता मी वसंतात भरतच नाही. शेवटची भाजी निघाली की थंडीआधीच पाला आणि कच्चं कंपोस्ट मातीवर पसरून टाकतो, वर थोडं शेणखत, आणि सगळं ओलसर ठेवतो. थंडी उतरेपर्यंत त्यातलं बरंच आपसूक खाली जातं. जे कुजलेलं नसतं ते लावणीच्या पंधरवडाभर आधी दाताळ्याने ओढून काढतो आणि कंपोस्टच्या ढिगावर परत टाकतो. तेवढ्यानेही पातळी खालीच राहिली तर राहू देतो. फळीपासून पाच-सहा सेंमी खाली माती असण्यात तसं काहीच बिघडत नाही. ती काठोकाठ भरलेली दिसावी हा माझाच हट्ट होता.

खडी काढल्यानंतरच्या वसंतात रोपं थांबली नाहीत, एक कोपरा सोडून. तिथली तीन रोपं इतरांच्या निम्मी. पानं पिवळी नव्हती, माती थंड नव्हती, फक्त सतत कोरडी. पुन्हा खुरपं घेतलं. पेन्सिलीएवढं जाड एक मूळ खालून वर आलं होतं, आणि त्याला बारीक मुळांची जाळी फुटून सगळा कोपरा विणून टाकला होता. दहा-बारा पावलांवरच्या झाडाला सैल, खतावलेल्या मातीचा वास लागला होता. मूळ कापलं, पत्रा उभा पुरला. पुढच्या वर्षी ते पत्र्याखालून आलं. आता त्या कोपऱ्यात मी एक मोठी कुंडी ठेवली आहे, विटांवर उचलून, आणि मिरची तिच्यात लावतो.